माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही

आमच्या खात्यातला निवृत्त माणूस लिहायला बसला की 'ती घटना आजही आठवते' असं म्हणून सुरुवात करतो, जणू घटना आपणहून दार वाजवत येते. माझी घटना अशी येत नाही. मी तिला मुद्दाम आठवणीत ठेवलं आहे, कारण तिच्यात मी चुकलो होतो. आपली चूक विसरायची सोय आमच्या खात्यात फार चांगली आहे.

नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दिंडोरी बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते. त्या दिवसांत ठाण्यावर गर्दी कमी असते, कारण भांडायलाही माणसाला सवड लागते. एका सोमवारी सकाळी हजेरी उरकून मी चहा घेत होतो, तेवढ्यात आठ-दहा माणसं अर्ज घेऊन आत आली. पुढे होते एक बागायतदार. पांढरे कपडे, बोलणं मऊ. मेलेल्या भावाची पोरकी मुलगी ते सांभाळतात म्हणून सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं.

अर्जावर त्रेचाळीस सह्या होत्या. मजकूर असा, की ग्रामीण रुग्णालयातील एक सिस्टर लहान मुलांना वजन करण्याच्या बहाण्याने पडद्याआड नेतात, आईबापांना बाहेर उभं करतात आणि पोरांना घरातल्या भानगडी विचारतात. त्यामुळे कोवळ्या मनावर परिणाम होतो, घरं फुटतात, सबब कायदेशीर कारवाई व्हावी.

"साहेब, पोरगं खोकल्याचं औषध आणाया गेलं," बागायतदार म्हणाले, "आन् ही बाई त्याला इचारती, तुझा बाप तुझ्या आईला मारतो का. हे दवाखान्याचं काम हाय का?"

खरं सांगतो, मला त्यांचं पटलं. मनात म्हटलं, या बाईला नसती उठाठेव कोणी सांगितली? पोटात दुखलं तर गोळी द्यावी, बाकी पंचायती कशाला? तासाभरात उपविभागीय पोलीस अधिकारी साहेबांचा फोनही आला. "अहो, त्या बाईला बोलवा आणि समज द्या. बदलीचं मी आरोग्य खात्याशी बोलतो. दोन दिवसांत मला हा विषय संपलेला हवा."

सिस्टर दुपारी ड्युटी संपवून आल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे. राहायला नाशिकरोडला, रोज एसटीने येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्या. मी बसा म्हणायच्या आत बसल्या. माझ्या समोर येणाऱ्या माणसाची नजर आधी टेबलावरच्या फोनकडे आणि मग माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे जाते, असा माझा अनुभव आहे. यांची नजर सरळ माझ्या डोळ्यांकडे होती, आणि मला ते आवडलं नाही.

"तुम्ही पोरांना प्रश्न विचारता?" मी दरडावूनच सुरुवात केली.

"विचारते. पाच प्रश्न आहेत. झोप लागते का, जेवण जातं का, कोणाचं पाऊल वाजलं की पोटात गोळा येतो का, घरात कोणी मारतं का, आणि हे आधी कोणाला सांगितलंस का."

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"नाशिकला मुलांच्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला शिकवलं. साहेब, पोट दुखतंय म्हणून पोर येतं, आपण जंताचं औषध देतो. तिसऱ्यांदा आलं तरी जंताचंच देतो. कधीतरी विचारायला नको, की बाळा, घरी काय चाललंय?"

"आणि आईबापांना बाहेर का काढता?"

"मारणाऱ्याच्या समोर मार कोण सांगेल? तुम्ही आरोपीच्या समोर साक्षीदाराला विचारता का? वजनकाटा पडद्यामागे ठेवला की पोर दोन मिनिटं एकटं मिळतं. वजनाला कोणी नाही म्हणत नाही."

या प्रश्नोत्तरांची त्या एक वही ठेवत, असं अर्जात होतं. मी ती वही मागितली. त्या नाही म्हणाल्या. मी म्हणालो, सरकारी कामात अडथळा येतोय, गुन्हा दाखल होईल.

"करा दाखल," त्या म्हणाल्या. "पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलंय. कोर्टाचा हुकूम आणा, कोर्टात देईन. पण माझी वही मागण्याआधी तुमचं एमएलसीचं रजिस्टर काढा, साहेब. या अर्जावर पहिली सही कोणाची आहे ती बघा आणि त्यांच्या पुतणीचं नाव तुमच्या रजिस्टरात किती वेळा आहे ते बघा. ती आत्ता आमच्या वॉर्डात आहे. हात मोडलाय. डॉक्टरांना सांगून दोन दिवस ठेवून घेतलंय, त्याहून जास्त ठेवता येत नाही. उद्या सकाळी काका तिला घरी नेणार. पुढच्या वेळी ती दवाखान्यात येईलच असं नाही."

एवढं बोलून त्या उठल्या. जायची परवानगी मी दिली नव्हती, हे त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आता एमएलसी म्हणजे काय ते सांगतो. मार लागून, भाजून, विष घेऊन कोणी दवाखान्यात आलं की डॉक्टर पोलिसांना कळवतात. मग आमचा हवालदार जाऊन जबाब घेतो आणि ठाण्यात रजिस्टरला नोंद होते. मी राइटरला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला, रजिस्टर आणि जोडलेले कागद काढायला सांगितले. दहा वर्षांच्या त्या मुलीचं नाव सव्वा वर्षात तीनदा सापडलं. तिन्ही जबाब काकांचे, शेवटचा याच मोडलेल्या हाताचा. तिन्हींत शब्दाला शब्द सारखा मजकूर, कारण तिन्ही कागद छापील होते. फक्त नाव, वय आणि तारीख पेनने भरलेली.

'सदर इसम हा घरी पाय घसरून पडल्याने जखमी झाला असून त्याने मद्यप्राशन केलेले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

दहा वर्षांची मुलगी, आणि सदर इसम. तिने मद्यप्राशन केलेलं नाही, याचीही आम्ही खात्री करून घेतली होती. दुसऱ्या खेपेच्या जबाबाला डॉक्टरांचा दाखला त्याच टाचणीने टोचलेला होता. त्यात लिहिलं होतं, दोन्ही पायांवर भाजल्याच्या जखमा. पाय घसरून पडल्याने माणूस कसा भाजतो, हा प्रश्न हवालदाराला पडला नाही, ठाणे अंमलदाराला पडला नाही, आणि ज्याची खाली सही होती त्या निरीक्षकालाही पडला नाही. सही माझी होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कोणावर तरी ओरडून मोकळा झालो असतो. पण तो छापील जबाब ही माझीच करामत होती. ठाण्याचा चार्ज घेतला तेव्हा एमएलसीचे कागद ढिगाने पडून होते. बहुतेक प्रकरणं दारू पिऊन पडलेल्यांची. मी एक मसुदा तयार केला, सायक्लोस्टाईल करून घेतला, गठ्ठा हवालदारांना वाटला आणि सांगितलं, पाच मिनिटांत उरकायचं. महिन्याभरात ढीग संपला. क्राइम मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं, शेजारच्या दोन ठाण्यांनी तो मसुदा मागून नेला. मीही छाती फुगवून दिला.

मी उठलो आणि दवाखान्याकडे निघालो. सिस्टर घरी न जाता तिथेच थांबल्या होत्या, त्यांनी दारातच अडवलं. वर्दी बदलून या, म्हणाल्या. मी बदलून आलो, सोबत साध्या कपड्यांत आमची एक महिला कॉन्स्टेबल घेतली. वजनकाट्याच्या खोलीबाहेर, पडद्याच्या अलीकडे आम्ही बाकावर बसलो. आतून सिस्टरांचा आवाज आला.

"बाहेर एक साहेब आणि एक ताई बसल्यात. त्यांनी ऐकलं तर चालेल तुला?"

"काका नाय ना?"

"काका नाहीत."

"मंग चालंल."

सिस्टरांनी आधी वजन केलं आणि आकडा मोठ्याने सांगितला. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. आवाज बाजारात भाव विचारावा इतका साधा. झोप लागत नाय. जेवण जातं, पण काका घरी नसला तर. कोणाच्या पावलाने गोळा येतो? काकाच्या.

"हात कसा मोडला गं?"

सिस्टरांनी घाई केली नाही. मी असतो तर चार वेळा विचारलं असतं.

"हातातून तांब्या पडला. मंग त्यानी हात चौकटीत धरला आन् दार लावलं."

"हे आधी कोणाला सांगितलंस का?"

"व्हय. पोलिसाला. पाय भाजलं व्हतं तवा."

"मग काय म्हणाले ते?"

"कायी नाय. त्यांनी ऐकलं. मंग कागद काढला, काकाची सही घेतली. आन् आमी घरी गेलो."

नोकरीत मी प्रेतं पाहिली, दंगली पाहिल्या, छातीवर दगडही खाल्ला. त्या बाकावर बसून मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही. कॉन्स्टेबल लिहून घेत होती. तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तिला विचारायचं होतं, हेही लिहू का? मी म्हणालो, लिही, शब्दही गाळू नको.

संध्याकाळी त्या हवालदाराला समोर उभं केलं. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तो खोटं बोलला नाही. "सांगितलं व्हतं साहेब पोरीनं. पण छापील कागदात पोराच्या बोलण्याला जागाच नाय. आन् पाच मिनिटांत उरकायचा तुमचाच हुकूम व्हता." मी त्याला जा म्हणालो. तो म्हणत होता ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुतणीला न्यायला दवाखान्यात आले, तेव्हा मी त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं. प्रतिष्ठित माणसाला उभं ठेवून विचारलं की तो सावध होतो आणि वकिलाचं नाव घेतो. त्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि त्याच्या चांगुलपणाबद्दल विचारावं. चांगुलपणा सांगताना माणूस फार बोलतो. मी भावाच्या मुलीचा विषय काढला. त्यांनी अर्धा तास आपला त्याग ऐकवला. मग मी तिन्ही जबाब पुढे ठेवले.

"तिन्ही वेळा पाय घसरला?"

"तुमच्याच माणसानं लिवलंय ते. मी वाचलं बी नाय. खोटं आसंल तर तुमचं खोटं," ते शांतपणे म्हणाले. माणूस हुशार होता, नेमक्या जागी बोट ठेवलं.

"बरं. हे आमचं खोटं," मी म्हणालो. "मग खरं तुम्ही सांगा. या खेपेला हात कसा मोडला?"

"पोरीची जात, शिस्त लावाया नको? उद्या लोक मलाच नाव ठेवतील. दार लावताना तिनंच हात मधी घातला, त्याला मी काय करू?"

दाराबद्दल मी एक अवाक्षर काढलं नव्हतं. सही केलेल्या कागदात दार नव्हतं, आणि डॉक्टरांना त्यांनी ओट्यावरून पडली असं सांगितलं होतं. दाराची गोष्ट फक्त त्या मुलीने सांगितली होती, आणि तिला ते अजून भेटले नव्हते. मी राइटरकडे पाहिलं. तो लिहीतच होता. बागायतदारांना आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि चहाची बशी त्यांनी खाली ठेवली.

आता प्रश्न होता माझा. साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. ते माणूस म्हणून चांगले होते. म्हणाले, "हाड मोडल्याचा दाखला आहे, मुलीचा जबाब आहे, गुन्हा दाखल करा. पण ते छापील कागद आणि पोलिसाला सांगितल्याचं वाक्य रेकॉर्डवर कशाला? तेवढं वगळा. तुमच्याच गळ्याशी येईल."

"सर, ते वाक्य तिचं आहे. एकदा आम्ही तिचं बोलणं गाळलं म्हणून तिचा हात मोडला. पुन्हा गाळणार नाही."

"तुमच्या सेवापटात येईल."

"येऊ द्या."

फोन ठेवला. सरकारतर्फे फिर्याद मी स्वतः दिली. फिर्यादीने तपास करायचा नसतो म्हणून तो सहायक निरीक्षकांकडे सोपवला. त्याच दिवशी अटक झाली. मुलीला बालकल्याण समितीपुढे नेलं, आणि समितीने चौकशी करून तिला कळवणच्या मावशीकडे दिलं. मावशी म्हणाल्या, आम्हाला कोणी कळवलंच नाही. आम्हीही त्यांना विचारलं नव्हतं.

त्रेचाळीस सह्यावाल्यांपैकी बरेच नंतर ठाण्यात येऊन गेले. कोणी म्हणालं वाचलं नव्हतं, कोणी म्हणालं शेजारधर्म. एक म्हातारे गृहस्थ मात्र खरं बोलले. "साहेब, पोरं कोणाच्या घरात मार खात नाय? आज त्याच्या दारात गेली ही बाई, उद्या माझ्या दारात येईल म्हनून सही केली." त्या गावात मी ऐकलेलं सर्वांत प्रामाणिक विधान ते होतं.

खटला दोन-अडीच वर्षं चालला. आरोपीच्या वकिलांनी मला साक्षीत चांगलंच घोळात घेतलं. छापील कागद हातात धरून त्यांनी विचारलं, हा मसुदा कोणाचा? मी म्हणालो, माझा. म्हणजे तुमच्या ठाण्यात खोटे जबाब छापून तयार असायचे? मी म्हणालो, या मुलीच्या बाबतीत तिन्ही वेळा खोटे निघाले, आणि ते खोटे आहेत हे मी शपथेवर सांगतोय. वकील गोंधळले. पोलीस आपली चूक झाकणार, असं धरून त्यांनी पुढचे प्रश्न तयार केले होते. काकांना शिक्षा झाली. मला खात्याकडून ठपका मिळाला आणि बढती मागे पडली. घरी बायको म्हणाली, ठपका बरोबर आहे, तो तुम्ही मिळवलाय, आता तोंड पाडून बसू नका.

सिस्टरांची बदली मात्र झालीच. मी ती थांबवू शकलो नाही. निरोपाला गेलो तेव्हा त्या पिशवी भरत होत्या. "वाईट वाटून घेऊ नका साहेब," त्या म्हणाल्या, "वजनकाटा प्रत्येक दवाखान्यात असतो."

निवृत्तीनंतर मला कधीकधी डॉक्टर-नर्सच्या शिबिरांत बोलावतात. मुलांना घरच्या मारझोडीबद्दल, भीतीबद्दल दवाखान्यात विचारावं का, असा विषय असतो. दरवेळी कोणीतरी उठून म्हणतं, कोवळ्या मनाला असे प्रश्न विचारून त्रास होईल. मी आता शांत राहत नाही. मी म्हणतो, त्रास मुलाला प्रश्नाचा होत नाही, तो त्याला आधीच झालेला असतो. त्रास आपल्याला होतो. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की काम लागतं. कोणाला तरी फोन करावा लागतो, कोणाचा तरी वाईटपणा घ्यावा लागतो. आपण कामाला भितो आणि नाव मुलांच्या मनाचं पुढे करतो. काही जणांना हे लागतं. लागू दे. नुसतं विचारून सोडून देणारा तर न विचारणाऱ्याहून वाईट. आमच्या हवालदाराने ऐकलं होतंच की.

निकाल लागल्यावर मी कळवणला गेलो होतो. मुलगी तेरा वर्षांची झाली होती, आठवीत होती. हात किंचित वाकडा राहिला होता. मावशींनी तिला ओटीवर बोलावलं आणि स्वतः आत गेल्या. मी तिची माफी मागितली.

"ते तुमी नव्हते," ती म्हणाली. "दुसरे व्हते. त्यांना मिशा व्हत्या."

"कागद माझा होता," मी म्हणालो.

तिने त्यावर विचार केला. रागावली नाही, रडली नाही. मग तिने मला एकच प्रश्न विचारला.

"आता पोरांना आधी इचारत्यात का?"

मी हो म्हणालो. ते तेव्हा फक्त माझ्या ठाण्यापुरतं खरं होतं. तिथे मी लेखी हुकूम काढला होता, की मुलाशी एकांतात बोलल्याशिवाय पालकाचा जबाब घ्यायचा नाही. शेजारच्या दोन ठाण्यांतून पुढे पसरलेला माझाच छापील कागद बाकीच्या ठाण्यांत अजून चालू होता. उरलेली नोकरी मी तो गठ्ठ्यागठ्ठ्यांनी परत मागवण्यात घालवली. ठाण्याठाण्यांत जाऊन भांडलो, वरिष्ठांना नकोसा झालो, लोकांनी मला विक्षिप्त ठरवलं. त्या मुलीला मी हो म्हणून बसलो होतो. ते खोटं ठरू देणार नव्हतो, आणि ते खरं करताना जे जे दुखावले त्यांच्यातल्या एकाचीही मी माफी मागणार नाही.